रेम्ब्रांट आणि त्याची गिऱ्हाईके

निरोपसमारंभ जवळ आला की कॉलेजच्या पोर्चपुढे बाके मांडली जातात. पुढे खुर्च्यांवर प्राचार्य आणि प्राध्यापक बसतात, मागे विद्यार्थी ओळीने उभे राहतात आणि ग्रुप फोटो निघतो. मी शिकत होतो तेव्हा एका वर्षी या फोटोची वर्गणी गोळा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. प्रती हाती आल्या त्या दिवशी जो तो आधी स्वतःचा चेहरा शोधू लागला. शेवटच्या ओळीतल्या एका मित्राचा निम्मा चेहरा पुढच्याच्या खांद्याआड गेला होता. त्याने वर्गणीही निम्मीच देऊ केली! फोटोग्राफरचे म्हणणे असे, की कागद, काच आणि मेहनत सर्वांना सारखीच लागली, तेव्हा पैसेही सारखेच. दोन्ही बाजू मला पटल्या आणि उरलेले पैसे मी पदरचे घातले.

पुढे काही वर्षांनी रेम्ब्रांटचे चरित्र वाचताना हा प्रसंग मला एकदम आठवला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध म्हणावे अशा एका ग्रुप चित्राची वर्गणी अशीच गोळा झाली होती. ज्याची जागा चांगली त्याने अधिक दिले, ज्याची आडोशाची त्याने कमी. आमचा तो मित्र आम्स्टरडॅमला जन्मला असता तर त्याचा दावा कोणी हसण्यावारी नेला नसता.

रेम्ब्रांट हे नाव आज फोटोग्राफीच्या धंद्यातही चालते. एका बाजूने प्रकाश टाकून अंधाऱ्या गालावर उजेडाचा छोटासा त्रिकोण आणण्याच्या पद्धतीला फोटोग्राफर मंडळी रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. त्याच्या कलेची महती सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती सांगण्याचा अधिकार मला नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या धंद्याविषयी. तो तसबिरी काढून पोट भरणारा माणूस होता. त्याचे दर होते, तो इसार घेत असे, बाकीसाठी तगादा लावत असे, आणि तसबीर माझ्यासारखी दिसत नाही अशी तक्रार त्यालाही ऐकून घ्यावी लागली होती.

रेम्ब्रांटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी हॉलंडमधील लायडन या गावी झाला. बाप पिठाच्या गिरणीचा मालक, आई भटारखान्यावाल्याची मुलगी. गिरणी ऱ्हाइन नदीच्या काठी होती, म्हणून आडनाव व्हान राइन. मुलाने शिकावे या हेतूने त्याला लॅटिन शाळेत घातले. १६२० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लायडन विद्यापीठाच्या नोंदवहीत त्याचे नाव लागलेही. पण तिथे त्याचे मन रमले नाही. तीन वर्षे गावातल्याच एका चित्रकाराकडे आणि नंतर सहा महिने आम्स्टरडॅममध्ये पीटर लास्टमान याच्याकडे त्याने उमेदवारी केली. लायडनला परत येऊन त्याने स्वतःचे काम सुरू केले, आणि १६२८ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच्याकडे शिष्य येऊ लागले.

त्या वेळचा हॉलंड देश जरा निराळा होता. स्पेनच्या राजाशी झगडून स्वतंत्र झालेले हे प्रजासत्ताक. कलावंताला वर्षासने देणारे मोठे दरबार तिथे नव्हते, आणि प्रॉटेस्टंट चर्चला चित्रे नको होती. चित्रे विकत घेणारा वर्ग होता तो व्यापाऱ्यांचा. कापडवाले, धान्यवाले, जहाजवाले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे भागीदार. याच कंपनीने १६३७ साली आंबोली घाटाखाली आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. अशा माणसांना दिवाणखान्यात टांगायला स्वतःची आणि बायकोची तसबीर हवी असे. पण व्यापारी तो व्यापारीच! पैसे मोजताना माल पारखून घेणार. कापड गजाने मोजता येते, धान्य मापाने. तसबिरीला मात्र माप नाही. शिवाय ती आधी ठरवायची, अर्धे पैसे आधी द्यायचे आणि माल मागाहून बघायचा. पुढच्या साऱ्या तक्रारी इथेच उगम पावतात.

१६३१ च्या अखेरीस रेम्ब्रांट आम्स्टरडॅमला आला आणि हेंड्रिक ऑयलेनबर्ग या चित्रविक्रेत्याकडे राहून काम करू लागला. ऑयलेनबर्ग गिऱ्हाईक आणायचा, रेम्ब्रांट रंगवायचा. १६३२ साली डॉ. टुल्प यांच्या शरीरशास्त्राच्या पाठाचे चित्र झाले. प्रेतावर वाकलेल्या त्या मंडळींचे चेहरे असे जिवंत उतरले, की शहरभर त्याचे नाव झाले. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने पन्नासच्या आसपास तसबिरी केल्या. कामाचा एवढा झपाटा पुन्हा त्याला साधला नाही, किंवा त्याने साधू दिला नाही.

याच १६३२ सालची एक गोष्ट आहे. याकोब द घेन आणि मॉरिट्स हॉयगेन्स या दोन जिवलग मित्रांनी एकमेकांसाठी म्हणून आपापल्या छोट्या तसबिरी रेम्ब्रांटकडून करून घेतल्या. मॉरिट्सचा भाऊ कॉन्स्टंटाइन हा हॉलंडच्या स्टॅडहोल्डरचा, म्हणजे राष्ट्रप्रमुखाचा, चिटणीस. प्रकाशाच्या लहरींचा सिद्धांत मांडणाऱ्या ख्रिस्तियन हॉयगेन्सचा हा बाप. तरुण रेम्ब्रांटची कदर प्रथम करणाऱ्यांपैकी तो एक. पण द घेनची तसबीर पाहून त्यानेच लॅटिनमध्ये चुटके रचले, की चित्र कोणाचे का असेना, द घेनचे खास नाही! आज द घेनचा खरा चेहरा कसा होता याची फिकीर कोणाला आहे? ती तसबीर लंडनच्या डलिच संग्रहालयात आहे. आकाराने लहान असल्याने १९६६ ते १९८३ या काळात ती चार वेळा चोरीस गेली आणि चारही वेळा परत मिळाली.

१६३४ साली रेम्ब्रांटने ऑयलेनबर्गच्या नात्यातल्या सास्कियाशी लग्न केले. मुलगी मोठ्या घरची होती. पैसा आला आणि खर्चाची सवयही आली. लिलावात उभा राहिला की हा गृहस्थ पहिलीच बोली अशी चढी लावी, की दुसरा तोंड उघडत नसे. जुनी चित्रे, शिल्पे, चिलखते, शिंपले, परदेशी कापडे, काय वाटेल ते त्याने घरात आणून भरले.

आता दराचे पाहू. कसबी कारागिराला त्या काळी दिवसाला गिल्डरभर, फार तर थोडी अधिक मजुरी पडे. साध्या चित्रकाराकडून तसबीर काही थोड्या गिल्डरांत होई. चेहराच हवा, की कमरेपर्यंत, की उभी पूर्णाकृती, यावर दर चढत जाई. १६४२ च्या सुमारास विल्मर्डोंक्स नावाच्या एका व्यापारी गृहस्थाने आपली आणि पत्नीची तसबीर रेम्ब्रांटकडून करून घेतली. तिचे ५०० गिल्डर झाले आणि कॅनव्हास व चौकटीचे ६० वेगळे लागले. माल निराळा आणि मेहनत निराळी, अशी ही आकारणी होती. फ्रेमचे पैसे वेगळे पडतील हे वाक्य आपल्याकडच्या स्टुडिओतही ऐकू येते.

स्टॅडहोल्डर फ्रेडरिक हेंड्रिक याच्यासाठी ख्रिस्ताच्या अंतकाळाची चित्रमालिका रेम्ब्रांटकडे आली तीही कॉन्स्टंटाइन हॉयगेन्समार्फत. रेम्ब्रांटची म्हणून एकूण सात पत्रे शिल्लक आहेत आणि ती सातही हॉयगेन्सला या कामासंबंधी लिहिलेली आहेत. कलेविषयी त्यांत फारसे काही नाही, पैशाविषयी पुष्कळ आहे. १६३६ साली एका चित्राचे १२०० गिल्डर आपल्याला मिळायला हवेत असे तो सुचवतो, आणि लगेच जे मिळेल ते मान्य असल्याचेही कळवतो. मिळाले ६००! घासाघीस करताना मागणी आणि माघार एकाच पत्रात लिहिणारा माणूस व्यवहारात कच्चा, हे सांगायला नको.

जानेवारी १६३९ मध्ये त्याने आम्स्टरडॅमच्या ब्रेस्ट्रात या रस्त्यावर १३,००० गिल्डरना मोठे घर घेतले. बरीच रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. त्याच महिन्यात त्या मालिकेतली आणखी दोन चित्रे त्याने घाईघाईने पुरी केली आणि प्रत्येकी हजार गिल्डर मागितले. हॉयगेन्सला खूश करावे म्हणून एक मोठे चित्र भेटही पाठवले, आणि ते भरपूर उजेडात, जरा लांबून पाहता येईल असे टांगावे अशी सूचना केली. पुन्हा चित्रामागे सहाशेच मंजूर झाले. वर चौकटी आणि पेटी यांचे ४४ गिल्डर धरून एकूण १२४४ त्याच्या हाती पडले. ते लवकर मिळावेत म्हणून त्याने पुन्हा दोन पत्रे लिहिली. सरकारी बिल मंजूर करून घेताना काय हाल होतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पत्रे वाचताना वेगळी टीप लागणार नाही.

यानंतर ते ग्रुप चित्र. कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक याच्या नागरी सैन्याच्या तुकडीने आपल्या नव्या दिवाणखान्यासाठी ते सांगितले आणि १६४२ साली ते पुरे झाले. पुढे दीडेकशे वर्षांनी, व्हार्निश काळवंडल्यामुळे, लोकांना ते रात्रीचे वाटू लागले आणि 'नाइट वॉच' हे नाव त्याला चिकटले. मुळात प्रसंग दिवसाचा आहे. या सैनिकी संघांच्या चित्रांची रूढ पद्धत म्हणजे आमच्या ग्रुप फोटोसारखीच: सगळे ओळीने, सगळे पाहणाऱ्याकडे तोंड करून. रेम्ब्रांटने ती मोडली. कॅप्टन हुकूम देतो आहे, तुकडी निघण्याच्या गडबडीत आहे, कोणी बंदुकीत दारू ठासतो आहे, ढोल वाजतो आहे, कुत्रे भुंकते आहे. मध्येच पिवळ्या पोषाखातली एक मुलगी लखलखीत उजेडात आली आहे आणि तिने तर वर्गणीही दिली नव्हती! कॅप्टन आणि लेफ्टनंट पुढे, प्रकाशात. मागच्यांपैकी कोणाच्या तोंडावर दुसऱ्याचा हात आला आहे, कोणी सावलीत गेला आहे.

वर्गणी सोळा जणांनी दिली, प्रत्येकी सुमारे शंभर गिल्डर, जागेप्रमाणे कमीजास्त. एकूण १६०० गिल्डर चित्रकाराला मिळाले. हे चित्र पाहून मंडळी संतापली आणि तिथून रेम्ब्रांटचे दिवस फिरले, अशी गोष्ट पुस्तकांतून आणि चित्रपटांतून सांगितली जाते. ती रंगतदार आहे, पण खरी धरायला आधार नाही. पैसे पुरे मिळाले, चित्र ठरल्या जागी लागले, कॅप्टनने आपल्या घरच्या संग्रहासाठी त्याची छोटी नक्कलही करून घेतली. मात्र सारेच खूश होते असेही नाही. रेम्ब्रांटचा शिष्य होगस्ट्रातेन याने १६७८ साली लिहून ठेवले आहे, की सांगितलेल्या एकेका तसबिरीपेक्षा चित्रकाराने आपल्या मनातल्या अखंड चित्राला अधिक मान दिला असे पुष्कळांना वाटे. तथापि या चित्रापुढे बाकीची गंजिफाच्या पत्त्यांसारखी दिसतात. चित्रातल्या कमानीवर एक ढाल टांगलेली आहे आणि तिच्यावर अठरा नावे आहेत. ती नंतर घातलेली आहेत. चेहरा नीट नाही तर नाव तरी असू दे, असे कोणाच्या मनात आले असावे असे मला आपले वाटते.

गिऱ्हाइकांना खरोखर काय हवे होते ते बार्थोलोमेउस व्हान डर हेल्स्ट याने दिले. १६४८ साली शांततेचा तह झाला त्या निमित्ताने नागरी सैन्याची मेजवानी त्याने रंगवली. प्रत्येक चेहरा स्वच्छ, प्रत्येक रेशमी पट्टा चकचकीत, कोणी कोणाच्या आड नाही. १७८१ साली इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स आम्स्टरडॅमला गेला तेव्हा त्याने हेल्स्टच्या चित्राची तोंड भरून स्तुती केली आणि 'नाइट वॉच' पाहून तो निराश झाला. हेल्स्टला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याने पैसे दिले त्याला त्याचा चेहरा पोचवणे हाही एक प्रामाणिकपणाच आहे, आणि त्या दृष्टीने आमच्या मागच्या ओळीतल्या मित्राची बाजू मला आजही खोटी वाटत नाही.

त्याच १६४२ मध्ये अँड्रीस द ग्राफ या बड्या असामीशी रेम्ब्रांटचा तंटा झाला. द ग्राफ घराणे म्हणजे आम्स्टरडॅमच्या कारभारातले मोठे प्रस्थ. तसबीर तयार झाली, पण पैशावरून मोडता पडला. अखेर पंच नेमले गेले आणि त्यांनी रेम्ब्रांटला ५०० गिल्डर द्यावेत असा निवाडा दिला. पंचांत ऑयलेनबर्ग होता. रेम्ब्रांट जिंकला, परंतु नगराच्या कारभाऱ्याला पंचांपुढे उभे करून पैसे वसूल करणाऱ्या चित्रकाराकडे त्याच्या बरोबरीचे दुसरे गिऱ्हाईक कितपत उत्साहाने येणार?

वर्ष मोठे वाईट गेले. जून महिन्यात सास्किया वारली. ती अवघी एकोणतीस वर्षांची होती, आणि मागे नऊ महिन्यांचा टीटस. यानंतर आठ-दहा वर्षे रेम्ब्रांटने सांगून आलेल्या तसबिरी फार थोड्या केल्या. टीटसला सांभाळायला ठेवलेल्या गेर्ट्ये नावाच्या बाईशी त्याचा संबंध आला, बिघडला, आणि तिला सुधारगृहात डांबण्याच्या कामी त्याने पुढाकार घेतला. हा त्याच्या चरित्रावरचा डाग कोणी पुसू नये.

तसबिरी कमी होण्याचे एक कारण इटालियन चरित्रकार बाल्दिनुच्ची याने दिले आहे. रेम्ब्रांटकडे तसबीर काढायची तर दोन-तीन महिने त्याच्यापुढे बसावे लागते हे एकदा लोकांना कळल्यावर फारसे कोणी येईनासे झाले, असे तो लिहितो. ही माहिती त्याला रेम्ब्रांटच्याच एका शिष्याकडून मिळाली होती. पेढी सोडून तीन महिने कोणता व्यापारी बसेल? एक थर वाळेपर्यंत थांबायचे, त्यावर दुसरा द्यायचा, पुन्हा खरवडायचे, असे त्याचे काम. न कंटाळता बसणारे आणि पैशाची किंवा साम्याची तक्रार न करणारे एकच गिऱ्हाईक त्याला जन्मभर मिळाले, ते म्हणजे आरशातले. स्वतःच्या सुमारे चाळीस तसबिरी त्याने रंगवल्या. तरुण, ऐटबाज, मखमली टोपीतला, मग जाडसर, मग सुरकुतलेला, नाक फुगलेला. दुसऱ्या कोणाचे नाक त्याने तसे रंगवले असते तर पैसे मिळाले नसते.

१६५४ साली मात्र एक तंटा असा झाला, की तसबिरीच्या धंद्याचे सारे दुखणे त्यात उघडे पडते. दिएगो द आंद्रादा या पोर्तुगीज ज्यू व्यापाऱ्याने एका तरुण मुलीची तसबीर रेम्ब्रांटला सांगितली होती. ७५ गिल्डर इसार दिला होता, बाकी काम पुरे झाल्यावर द्यायची होती. तसबीर पाहिल्यावर त्याला ती मुलीसारखी मुळीच वाटली नाही. मुलगी तर लवकरच गाव सोडून जाणार. २३ फेब्रुवारी रोजी त्याने नोटरीमार्फत रेम्ब्रांटला कळवले, की मुलगी जाण्यापूर्वी तसबीर तिच्यासारखी करून द्या. ते जमत नसेल तर तसबीर तुमच्याकडे ठेवा आणि इसार परत करा.

रेम्ब्रांटने नोटरीला दिलेले उत्तर मुळातून समजून घेण्याजोगे आहे. बाकीचे पैसे मिळाल्याशिवाय, निदान त्यांची हमी मिळाल्याशिवाय, आपण कुंचला लावणार नाही. पैसे मिळाले की काम पुरे करू आणि साम्य आहे की नाही हे सेंट ल्यूकच्या संघाच्या पंचांना ठरवू देऊ. सेंट ल्यूकचा संघ म्हणजे चित्रकारांची पंचायत. पंच म्हणाले साम्य नाही, तर तसबीर बदलून देऊ. एवढ्यानेही गिऱ्हाइकाचे समाधान झाले नाही तर ती ठेवून घेऊ आणि पुढे आपल्या चित्रांचा लिलाव करू तेव्हा विकून टाकू.

पहिल्यांदा वाचताना मला हा उद्धटपणा वाटला. नंतर विचार करता त्यात मोठी व्यवस्था दिसली. इसार काम सुरू करण्याचा असतो आणि बाकी काम संपवण्याची, हा एक भाग. साम्य आहे की नाही हे बापाने, नवऱ्याने किंवा सांगणाऱ्याने ठरवायचे नाही आणि चित्रकारानेही नाही. ज्यांना डोळा आहे अशा तिऱ्हाइतांनी ठरवायचे, हा दुसरा. आणि तिसरा असा, की गिऱ्हाइकाने नाकारलेले चित्र फुकट गेले असे तो मानतच नाही. द आंद्रादाला ते मुलीची तसबीर म्हणून हवे होते. रेम्ब्रांटच्या लेखी ते चित्र म्हणूनही बाजारात उभे राहणार होते. द आंद्रादाची अडचण मात्र यात कुठेच सुटत नाही. मुलगी एकदा गेली, की पंचांनी तसबीर ताडून पाहायची कोणाशी?

त्याच वर्षी त्याने यान सिक्स या मित्राची तसबीर केली. सिक्स श्रीमंत, नाटके लिहिणारा, पुढे नगराध्यक्ष झालेला. आदल्या वर्षी त्याने रेम्ब्रांटला हजार गिल्डर बिनव्याजी उसने दिले होते. हातमोजा चढवीत बाहेर निघालेला सिक्स रेम्ब्रांटने मोजक्या, सरळ फटकाऱ्यांत उभा केला आहे. तीन महिने बसवणारा हाच तो चित्रकार, हे सांगूनही खरे वाटत नाही. तसबीर आजही सिक्स घराण्याकडेच आहे.

परगावचे गिऱ्हाईक म्हणजे सिसिलीतील मेस्सिना येथील सरदार दॉन अंतोनियो रुफ्फो. त्याला रेम्ब्रांटने १६५३ साली ॲरिस्टॉटलचे चित्र ५०० गिल्डरना करून दिले. रुफ्फो प्रसन्न झाला आणि त्याने आणखी सांगितले. पण पुढे अलेक्झांडरचे चित्र पोचले तेव्हा त्याचा कॅनव्हास चार तुकडे शिवून केलेला निघाला आणि शिवण डोळ्यांत खुपू लागली. एवढी किंमत देऊन जोडकापड! रुफ्फोने तक्रार लिहून पाठवली. रेम्ब्रांटने कळवले, की रंगवताना कापड अपुरे पडले म्हणून जोडावे लागले. चित्र योग्य उजेडात टांगले तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही. योग्य उजेडात टांगा, हे त्याचे उत्तर तेवीस वर्षांपूर्वी हॉयगेन्सलाही हेच होते! ॲरिस्टॉटलचे ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९६१ साली २३ लाख डॉलरना घेतले.

घराचे हप्ते थकत गेले. जुलै १६५६ मध्ये रेम्ब्रांटने दिवाळे जाहीर केले. कारकुनांनी घरात फिरून ३६३ कलमांची यादी केली. चित्रे, चिलखते, शिंपले, चित्रांच्या वह्या, सगळे लिलावात गेले. १३,००० चे घर १६५८ साली ११,२१८ गिल्डरना विकले गेले. याच पडत्या काळात मोगल दरबारातली लघुचित्रे त्याच्या हाती आली होती, आणि शहाजहान बादशहासकट वीसहून अधिक आकृत्या त्याने त्यांवरून उतरवून घेतल्या. ज्या माणसाने इटलीलाही कधी पाऊल टाकले नाही त्याने आपल्याकडच्या बैठकीतल्या माणसाची ऐट बरोबर टिपली आहे.

विल्मर्डोंक्सचे ५०० आणि ६०, द ग्राफचा निवाडा, सोळा जणांची वर्गणी, हे सारे आकडे आपल्याला कळतात तेही या दिवाळ्यामुळेच. टीटसचा आईच्या इस्टेटीवर हक्क होता. त्याच्या पालकाला १६५९ साली सिद्ध करायचे होते, की १६४२ मध्ये बाप चांगला कमावता होता. म्हणून जुनी गिऱ्हाइके साक्षीला आली आणि कोणी किती मोजले ते सांगून गेली. तुकडीतल्या दोघांनी आपल्या ग्रुप चित्राची वर्गणी सांगितली. सतरा वर्षांनंतरही आकडा त्यांच्या लक्षात होता.

पुढे रोझेनग्राख्ट नावाच्या साध्या वस्तीत भाड्याच्या घरात बिऱ्हाड गेले. डिसेंबर १६६० मध्ये टीटस आणि रेम्ब्रांटची सहचरी हेंड्रिक्ये यांनी चित्रविक्रीची भागीदारी काढून रेम्ब्रांटला तिथे पदरी ठेवले, म्हणजे त्याची कमाई सावकारांच्या हाती पडणार नाही. नगरभवनासाठी क्लॉडियस सिव्हिलिसच्या शपथेचे प्रचंड चित्र त्याला सांगण्यात आले. ते लागलेही, आणि १६६२ साली उतरवून परत पाठवण्यात आले. विकले जावे म्हणून त्याने ते स्वतःच्या हाताने कापून लहान केले. उरलेला तुकडा स्टॉकहोमला आहे. त्याच साली कापड व्यापाऱ्यांच्या संघाच्या तपासनिसांचे ग्रुप चित्र त्याने केले. टेबलाभोवती पाच जण आणि मागे त्यांचा नोकर, सहाही चेहरे स्वच्छ दिसतात, कोणी कोणाच्या आड नाही, आणि तरी चित्र ओळीने मांडलेल्या पत्त्यांसारखे वाटत नाही. त्या पाचांपैकी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

त्याच वर्षी पैशासाठी त्याने सास्कियाच्या थडग्याची जागा विकली. १६६३ साली हेंड्रिक्ये गेली, १६६८ साली टीटस गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रांट वारला आणि वेस्टरकेर्क चर्चमध्ये भाड्याच्या थडग्यात त्याला पुरले. त्याच्या खोलीत सिमियनचे चित्र अपुरे होते. आंधळा म्हातारा बाळ येशूला हातांवर घेऊन उभा आहे असे ते चित्र. ते दिर्क व्हान काटेनबर्ग या गृहस्थाने सांगितलेले होते आणि तो अजून वाट पाहत होता.